मालदीवला ६०० कोटी दिले, तर त्याचा हिशोब संसदेत कोण विचारतं?

गावभाग_सांगली (प्रश्न)

नमस्कार मंडळी. मी सांगलीत कनिष्ठ महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवते. यंदा आमची अकरावीची मुलं युवा संसद स्पर्धेत उतरतायत आणि प्रश्नोत्तराच्या तासासाठी त्यांनी विषय घेतलाय: आपलं सरकार दुसऱ्या देशांना जी मदत देतं, तिच्यावर संसदेची नजर किती असते? हा विषय मी दिलेला नाही. तो वर्गात कसा निघाला ते सांगते, कारण माझा प्रश्न त्यातच आहे.

अर्थसंकल्पाचे आकडे फळ्यावर लिहीत होते. २०२५-२६ साठी परराष्ट्र मंत्रालयाला साधारण २०,५१७ कोटी, त्यातले ५,४८३ कोटी परदेशांना मदत म्हणून. भूतान २,१५० कोटी, नेपाळ ७००, मालदीव ६००, मॉरिशस ५००, म्यानमार ३५०, श्रीलंका ३००. मालदीवचा आकडा लिहिला आणि मागच्या बाकावरून आवाज आला, "त्यांना कशाला?" हे मला अपेक्षित होतं. पुढचं नव्हतं. हरिपूर रोडला राहणारी एक मुलगी उठली. एरवी फारशी बोलत नाही.

"मॅडम, २०१९ ला आमच्या घरात छातीएवढं पाणी होतं. पाणी उतरल्यावर पंचनामा झाला. फोटो काढले, आधार, रेशनकार्ड, पासबुक सगळं मागितलं, मग सानुग्रह अनुदान मिळालं. मागितलं ते बरोबरच होतं, नाहीतर कुणीही उठून घेतलं असतं. मग या ६०० कोटींचा पंचनामा कोण करतं?"

त्या वर्षी आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली होती, त्यामुळे माझ्या वर्गात पंचनामा काय असतो ते कुणाला समजावावं लागत नाही.

पुस्तकात आहे तेवढं मी सांगितलं: स्थायी समिती, लोकलेखा समिती, महालेखापरीक्षक. पण मुलांना प्रत्यक्षात काय होतं ते हवंय. कागद कुठून कुठे जातो? खासदार नाही म्हणाले तर पैसे थांबतात का? आणि ब्रिटनच्या संसदेत फक्त या कामासाठी वेगळी समिती आहे असं वाचलं, ती खरंच काही करते का? प्रशासनात काम केलेलं किंवा या विषयाचं वाचन असलेलं कुणी इथं असेल तर कृपया सविस्तर लिहा. मुलांना हा धागा दाखवणार आहे, म्हणून पक्षांची भांडणं नकोत.

जत_पूर्व

मॅडम, भांडण नाही करत, पण मनातलं लिहितो. आमच्या जतच्या पूर्व भागातल्या गावांनी २०२२ मध्ये कर्नाटकात जायची भाषा केली ती हौसेनं नाही, पाण्यापायी केली. म्हैसाळचं पाणी तालुक्याच्या एका अंगाला आलं आणि आम्ही वर्षानुवर्षं टँकरकडं डोळे लावून बसलो. अशा गावात बसून भूतानला २,१५० कोटी वाचलं की पोटात कालवतं.

मदत करू नये असं माझं म्हणणं नाही. ७२ च्या दुष्काळात आमच्या आज्जीनं खडी फोडली, सुकडी खाल्ली, परदेशातनं आलेल्या लाल मिलोच्या भाकरी थापल्या. गुरांना घालायचं धान्य आम्हाला दिलं असं ती म्हणायची, पण त्यावर पोरं जगली हेही तीच सांगायची. उपाशी माणसाला कुणीतरी दिलंच पाहिजे. माझा सवाल एवढाच की भूतानला इतके आणि आमच्या कालव्याला तितके, हे ठरवताना आमच्या बाजूनं बोलणारा माणूस त्या खोलीत असतो का?

निवृत्त_लेखापरीक्षक_कराड

ताई, तुमच्या विद्यार्थिनीला माझा नमस्कार सांगा. स्थानिक निधी लेखापरीक्षेत नोकरी केली, जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्यांची दप्तरं तपासली, पण इतका नेमका प्रश्न फार थोड्या सभागृहांत ऐकला. सावकाश लिहितो, लांबेल.

आधी खोली कुठली ते. परराष्ट्र व्यवहारांची विभागीय स्थायी समिती. ३१ सदस्य, २१ लोकसभेचे, १० राज्यसभेचे, सगळ्या पक्षांचे. २०२४ पासून शशी थरूर अध्यक्ष आहेत, म्हणजे विरोधी बाकावरचे. अशा समित्या १९९३ साली आल्या, तेव्हा १७ होत्या, २००४ पासून २४ आहेत. आमच्या कराडचे यशवंतराव १९७४ ते १९७७ परराष्ट्रमंत्री होते, त्या काळात अशी समितीच नव्हती. मंत्रालयाच्या खर्चावर जे काही बोलायचं ते भर सभागृहात, मिळालेल्या वेळात.

कागदाचा प्रवास असा. फेब्रुवारीत अर्थसंकल्प मांडला की अधिवेशनाला मध्ये सुट्टी असते. त्या सुट्टीत ही समिती मंत्रालयाच्या अनुदानाच्या मागण्या, म्हणजे वर्षाच्या खर्चासाठी संसदेकडे मागितलेल्या रकमा, तपासते. परराष्ट्र सचिव आणि त्यांचे अधिकारी समोर बसतात. गेल्या वर्षी अमुक देशासाठी इतके मागितले, सुधारित अंदाजात कमी-जास्त का झाले, खर्च का पडला नाही, प्रकल्प कुठे अडला, असे प्रश्न आधी लेखी जातात आणि मग तोंडी होतात. मार्चमध्ये अहवाल दोन्ही सभागृहांत ठेवला जातो. प्रत्येक शिफारशीवर काय केलं ते सरकारनं तीन महिन्यांत कळवायचं असतं.

जतच्या दादांना सांगतो, तुमच्या बाजूनं बोलणारा माणूस त्या खोलीत असू शकतो, पण भूतानचे पैसे कालव्याकडे वळवायचा अधिकार त्याला नाही. समिती शिफारस करते, सरकारवर ती बंधनकारक नसते. प्रमाणही पाहा. २०२५-२६ चा केंद्राचा एकूण खर्च साधारण ५०.६५ लाख कोटी आहे. त्यातले ५,४८३ कोटी म्हणजे दर शंभर रुपयांत अकरा पैशांच्या आसपास. म्हणून ते क्षुल्लक आहेत असं मी म्हणणार नाही, तपासणीत आम्ही पाच रुपयांच्या पावतीलाही आक्षेप घेत असू. पण तुमचं पाणी या अकरा पैशांत अडकलेलं नाही, ते दुसरीकडे अडकलंय आणि तो जाब मुंबईत विचारायला हवा.

भूतानचे २,१५० कोटीही नुसते वाटलेले पैसे नाहीत. त्यात अनुदान आहे तसं कर्जही आहे, आणि मोठा वाटा जलविद्युत प्रकल्पांचा. मांगदेछू हा ७२० मेगावॅटचा प्रकल्प २०१९ साली सुरू झाला. पुनात्सांगछू-१ चं बांधकाम मात्र २००८ पासून चालू आहे. १,२०० मेगावॅटचा तो प्रकल्प, धरणाच्या जागी उजव्या काठचा डोंगर २०१३ मध्ये सरकला आणि काम वर्षानुवर्षं रखडलं. कोयनेच्या खोऱ्यात वाढलेल्या माणसाला डोंगर आणि धरण यांचं नातं सांगावं लागत नाही, त्यामुळे मी या प्रकल्पाबद्दल मिळेल ते वाचतो. इथे "भूतानला का देता" हा प्रश्न मला वरवरचा वाटतो. जागा निवडताना भूगर्भाचा अभ्यास किती झाला होता, खर्च वाढत गेला तेव्हा प्रत्येक टप्प्यावर मान्यता कुणी दिली, हे विचारलं तर पंचनाम्याला सुरुवात होते.

आता अपुरं कुठे पडतं ते. समितीची मुदत एकेक वर्षाची. खासदार विषयात मुरतो न मुरतो तोवर नवी नेमणूक. बैठका बंद दाराआड, तुम्हाआम्हाला दिसतो तो शेवटचा अहवाल. आणि लोकसभेत वेळ संपला की उरलेल्या मंत्रालयांच्या मागण्या चर्चेविना एकदम मताला टाकून मंजूर होतात, त्याला गिलोटिन म्हणतात. दरवर्षी मोजक्याच मंत्रालयांच्या वाट्याला चर्चा येते. इतक्या कष्टानं केलेला अहवाल सभागृहात उघडलाच जात नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

सर्वांत महत्त्वाचं शेवटी लिहितो, कारण मुलांचा प्रश्न इथेच घडेल असं मला वाटतं. तुम्ही फळ्यावर लिहिलेला तक्ता पूर्ण नाही. २०२२ मध्ये श्रीलंका कोलमडली, पेट्रोलसाठी माणसं रांगेत मेली, तेव्हा भारतानं साधारण चार अब्ज डॉलरचा आधार दिला. चांगलं केलं, शेजाऱ्यानं करायलाच हवं होतं. पण तो आधार मदतीच्या त्या तक्त्यात शोधू नका. मोठा भाग एक्झिम बँकेच्या (आयात-निर्यातीला कर्ज देणारी सरकारी बँक) आणि स्टेट बँकेच्या पतरेषांचा, म्हणजे ठरलेल्या मर्यादेपर्यंत लागेल तसं कर्ज उचलायच्या सोयीचा, काही रिझर्व्ह बँकेच्या चलन अदलाबदलीचा, म्हणजे त्यांचं चलन ठेवून घेऊन मुदतीवर आपलं किंवा डॉलर देण्याचा, काही देणी पुढे ढकलल्याचा. मालदीवचंही तसंच. तक्त्यात ६०० कोटी दिसतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेनं त्यांना ४० कोटी डॉलर आणि शिवाय ३,००० कोटी रुपयांची अदलाबदलीची सोय दिली, ती तिथे कशी दिसेल? ते कर्ज आहे, परत यायचं आहे, मान्य. पण पतरेषांवरचं सवलतीचं व्याज आणि बाजारातलं व्याज यांतला फरक सरकार सोसतं आणि तो खर्च अर्थ मंत्रालयाच्या मागणीत बसतो. म्हणजे परराष्ट्र समितीच्या हातात एक कागद, अर्थ समितीच्या हातात दुसरा, आणि एका देशाला एकूण किती दिलं याची बेरीज एका ठिकाणी बसून कुणी करत नाही. एक्झिम बँकेमार्फत आजवर मंजूर झालेल्या सरकारी पतरेषा तीस अब्ज डॉलरच्या वर आहेत. पंचनामा हवा असेल तर इथे हवा.

ब्रिटनबद्दल रात्री लिहितो. जेवणाची हाक आली.

मिरज_परिचारिका

काकांचं सगळं पटलं, एका गोष्टीवर बोलावंसं वाटलं.

मी मिरजेत स्टाफ नर्स आहे. आमचं गावच मुळी परदेशी मदतीतून दवाखान्यांचं गाव झालं, डॉ. वानलेस अमेरिकेतून आले आणि १८९४ साली इथे रुग्णालय उभं राहिलं. म्हणून "बाहेर कशाला द्यायचं" हे मला कधी म्हणवत नाही. फेब्रुवारी २०२३ च्या तुर्कस्तानच्या भूकंपात आपल्या लष्कराच्या ६० पॅरा फील्ड हॉस्पिटलनं हाताय प्रांतातल्या इस्केन्देरुनला रुग्णालय थाटलं. आमच्या ड्युटीरूममध्ये त्याचे फोटो सगळ्यांनी पाहिले. त्या वेळी कुणी आधी समितीपुढे या म्हणालं असतं तर माणसं ढिगाऱ्याखालीच राहिली असती. आपत्तीच्या मदतीत तपासणी नंतरच व्हायला हवी. पण ती व्हायलाच हवी, हेही तितकंच खरं.

२०१९ ला शिबिरात काम करताना मी पाहिलं. लोकांनी मनापासून पाठवलं, पण जुन्या कपड्यांचे ढीग लागले आणि सॅनिटरी पॅड, रक्तदाबाच्या गोळ्या, इन्सुलिन यांसाठी फोन करावे लागले. देशांचंही तसंच होतं. २००४ च्या त्सुनामीनंतर इंडोनेशियातल्या आचेहमध्ये नको असलेल्या औषधांचे ढीग साचले होते, ती नष्ट करायलाच वेगळा खर्च. दान केलेलं औषध पोहोचल्यावर किमान एक वर्ष मुदत शिल्लक असावी, असं जागतिक आरोग्य संघटनेचं मार्गदर्शन आहे. म्हणून मुलांनी टनांचा आकडा विचारू नये असं मला वाटतं. किती टन पाठवलं ते मंत्री आनंदानं सांगतील. समोरच्या देशानं काय मागितलं होतं, त्यातलं काय गेलं, मुदत किती उरली होती आणि रुग्णाला काय मिळालं, हे विचारा.

निवृत्त_लेखापरीक्षक_कराड

परिचारिका ताईंचं म्हणणं शंभर टक्के मान्य. आता ब्रिटन.

तिथल्या कॉमन्स सभागृहात, म्हणजे आपल्या लोकसभेसारख्या, आंतरराष्ट्रीय विकास समिती आहे. ११ सदस्य. अध्यक्ष २०१० पासून सगळे खासदार गुप्त मतदानानं निवडतात, सरकार नेमत नाही. साक्षी उघड होतात, थेट दिसतात, लेखी निवेदनं संकेतस्थळावर येतात. जोडीला २०११ पासून एक स्वतंत्र आयोग आहे, मदतीचा परिणाम मोजणारा. तो मंत्र्यांना नव्हे, संसदेला अहवाल देतो. त्यानं २०२३ मध्ये भारताला दिलेल्या मदतीचीही तपासणी केली, २०१६ ते २०२१ मधल्या साधारण २.३ अब्ज पौंडांची. आपल्याकडे असा आयोग नाही, आणि परदेशी मदत कशासाठी द्यायची ते सांगणारा कायदाही नाही.

हे सगळं त्यांना कुठून सुचलं? माझ्या मते मलेशियातल्या एका धरणापासून. पेर्गाऊ. तपासणीच्या क्षेत्रातल्या प्रत्येकाला हे प्रकरण माहीत असावं असं मला वाटतं, म्हणून जरा रेंगाळतो.

१९८८ साली ब्रिटनचे संरक्षणमंत्री मलेशियाशी शस्त्रविक्रीचा करार करायला गेले आणि त्या कागदात विकासाची मदत शस्त्रांच्या किमतीशी जोडली गेली. मदत म्हणून पुढे आलं पेर्गाऊचं जलविद्युत धरण. हिशोबाला बसल्यावर त्यांच्याच अधिकाऱ्यांच्या लक्षात आलं की या धरणाची वीज मलेशियाला महाग पडेल, गॅसवर स्वस्तात झाली असती. मदत खात्याचे सर्वोच्च अधिकारी टिम लँकेस्टर. १९९१ मध्ये त्यांनी काय करावं? खर्चाला आपली संमती नाही असं लेखी नोंदवलं आणि मंत्र्यांकडून लेखी आदेश मागितला. परराष्ट्रमंत्री डग्लस हर्ड यांनी आदेश दिला. धरण झालं, २३.४ कोटी पौंड मंजूर झाले.

पण तो लेखी आदेश दप्तरात राहिला. १९९३ मध्ये त्यांच्या लेखापरीक्षा कार्यालयानं तो उघडकीला आणला, मग लोकलेखा समिती, मग परराष्ट्र समिती, मंत्र्यांच्या साक्षी, वर्तमानपत्रं. १९९४ च्या नोव्हेंबरात एका स्वयंसेवी संघटनेच्या अर्जावर उच्च न्यायालयानं सांगितलं की ही मदत बेकायदेशीर आहे, कारण विकासासाठी पैसे द्यायचे असं कायदा म्हणतो आणि हा प्रकल्प आर्थिकदृष्ट्या चुकीचा होता. १९९७ मध्ये मदतीचं खातं परराष्ट्र खात्यापासून वेगळं झालं, २००२ च्या कायद्यात गरिबी कमी करणं हा हेतू लिहिला गेला.

मी नोकरीत असताना नव्या मुलांना एकच सांगायचो, तोंडी आदेशावर बिल पुढे सरकवू नका, साहेब कितीही मोठा असो. मोजमाप पुस्तकात नोंद नसलेलं काम आमच्या लेखी झालेलंच नसतं. लँकेस्टरांनी तेच केलं, फार मोठ्या खुर्चीवर बसून. त्यांच्या एका टिपणाशिवाय खासदारांच्या हाती काही लागलं नसतं.

गावभाग_सांगली

काका, हे उद्याच वर्गात वाचून दाखवते. पण एक शंका. इतकं सगळं असूनही ब्रिटननं मदत कमी केलीच ना? मग समितीचा उपयोग काय, असं मुलं विचारणार.

निवृत्त_लेखापरीक्षक_कराड

विचारू देत, रास्त आहे. राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्के मदत द्यायची हे त्यांनी २०१५ मध्ये कायद्यात घातलं. कोविडनंतर सरकारनं ते ०.५ वर आणलं. १३ जुलै २०२१ ला मतदान झालं, ३३३ विरुद्ध २९८. सत्ताधारी पक्षाच्या माजी पंतप्रधान थेरेसा मे यांनी आपल्याच सरकारविरुद्ध मत दिलं, तरी सरकार जिंकलं. आधी वेगळं केलेलं मदत खातं २०२० मध्ये पुन्हा परराष्ट्र खात्यात विलीन झालेलं होतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये नव्या सरकारनं २०२७ पर्यंत ०.३ वर जायचं जाहीर केलं, तेव्हा विकासमंत्री ॲनेलीस डॉड्स यांनी राजीनामा दिला. म्हणजे किती द्यायचं ते सरकारच ठरवतं, समितीला ते थांबवता येत नाही.

पण उरलेल्या पैशांचं काय होतं हे समितीमुळे लोकांना कळलं. २०२२ मध्ये ब्रिटनच्या १२.८ अब्ज पौंड मदतीपैकी सुमारे ३.७ अब्ज, म्हणजे चौथ्या हिश्शाहून जास्त, ब्रिटनमध्येच आलेल्या निर्वासितांवर खर्च झाले, त्यात हॉटेलांची बिलंही आली. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार पहिल्या वर्षाचा असा खर्च मदतीत धरता येतो. समितीनं मार्च २०२३ मध्ये त्यावर वेगळा अहवाल काढून हा पैसा जगातल्या सर्वांत गरीब माणसांच्या वाट्याचा आहे असं सुनावलं. निर्वासितांना छप्पर द्यायलाच हवं, पण ते सोमालियातल्या दुष्काळग्रस्ताच्या ताटातून का? समितीनं बेरीज-वजाबाकी मांडली नसती तर आकडा फुगलेला दिसला असता आणि सगळे खूश राहिले असते.

जत_पूर्व

काका, अकरा पैशाचं गणित मी आमच्या पारावर सांगितलं. लोक गप्प बसले, मग एकानं विचारलं की मुंबईत आमच्या पाण्याचा असा अहवाल निघतो का? त्याचं उत्तर वेगळ्या धाग्यावर मागतो. इथं मुलांचं चालू द्या.

गावभाग_सांगली

दादा, तो धागा नक्की काढा. मुलांनी आज प्रश्न असा बांधलाय, बघा बरं जमतोय का: "२०२२ ते २०२५ या काळात श्रीलंका आणि मालदीव यांना अनुदान, कर्ज, पतरेषा आणि चलन अदलाबदल या सर्व मार्गांनी मिळून एकूण किती सहाय्य दिले, त्यापैकी किती परत आले, आणि ही एकत्रित माहिती संसदेच्या कोणत्या समितीपुढे ठेवण्यात आली?" हरिपूर रोडवाल्या मुलीला मंत्री व्हायचं नाही म्हणाली, तिला प्रश्न विचारणारा खासदार व्हायचंय.

निवृत्त_लेखापरीक्षक_कराड

शेवटचा तुकडा उत्तम आहे, त्याला हात लावू नका. मधे "त्यापैकी किती परत आले" याच्या पुढे "किती परतफेड पुढे ढकलली" एवढं घाला. नाहीतर मंत्री फक्त परत आलेले सांगून बसतील.

तिला पूरक प्रश्नाची तयारी करायला सांगा, खरी परीक्षा तिथे असते. लोकसभेच्या संकेतस्थळावर परराष्ट्र व्यवहार समितीच्या पानावर जा. अनुदानाच्या मागण्यांवरचा अहवाल मोठा असतो, तो नंतर. आधी त्याच्याच पाठोपाठ येणारा कृती अहवाल उघडा, सरकारनं काय केलं ते सांगणारा. त्याची प्रकरणं ठरलेली असतात. दुसऱ्यात सरकारनं मान्य केलेल्या शिफारशी. तिसऱ्यात समितीनं पुढे न रेटलेल्या. चौथ्यात सरकारचं उत्तर समितीला न पटलेल्या. पाचव्यात अंतिम उत्तर अजून न आलेल्या. तिला चौथ्या आणि पाचव्या प्रकरणापासून वाचायला बसवा. इंग्रजी जड वाटलं तर हिंदी प्रतही असते. अडलं तर परिच्छेदाचा क्रमांक इथे टाका, मी रोज संध्याकाळी बघतो.